नजर एकीकडे, लक्ष दुसरीकडे : ईईजीत ते खरंच दिसतं का?

रातकिडा

गॅजेटवाल्या धाग्यावर 'कपाळाला पट्टी बांधली की लक्ष किती टक्के आहे ते मोबाईलवर दिसतं' असा विषय निघाला होता, तिथे लिहायला बसले आणि प्रतिसाद लांबतच गेला म्हणून हा वेगळा धागा काढते. मी ईईजीच्या (डोक्याच्या कातडीवरून मेंदूतली वीज मोजण्याच्या) लॅबमध्ये काम करते, विषय व्हिज्युअल अटेन्शन, म्हणजे डोळ्यांसमोर दहा गोष्टी असताना मेंदू त्यातली एकच कशी उचलतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मेंदूत 'लक्षाची लहर' अशी कुठलीही एक लहर नाही. खुणा आहेत, चांगल्या पक्क्या आहेत, पण प्रत्येक खूण एका ठराविक प्रश्नाचंच उत्तर देते, आणि तेही तुम्ही तो प्रश्न प्रयोगात नीट विचारला असेल तरच.

आधी नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी अंधारात अक्षरं लावली, नजर मधल्या एका बारीक उजेडाच्या ठिपक्यावर ठेवली आणि विजेच्या ठिणगीने क्षणभर सगळं उजळवलं. ठिणगी इतकी छोटी की डोळा हलवायला वेळच मिळत नाही, तरी आधीच मनात ठरवलेल्या भागातली अक्षरं त्यांना वाचता यायची आणि बाकीची निसटायची. पुढे १९८० मध्ये मायकेल पोझनर यांनी हेच मोजता येईल असं करून दाखवलं, मध्ये खूण, ती दाखवेल त्या बाजूला लक्ष न्यायचं पण डोळे हलवायचे नाहीत, मग एका बाजूला ठिपका उगवला की बटण दाबायचं. ठिपका अपेक्षेच्या बाजूला आला तर बटण लवकर दाबलं जातं, उलट बाजूला आला तर उशिरा.

आता मेंदूत. पडद्यावर काही उगवलं की साधारण १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागावर एक पॉझिटिव्ह उंचवटा येतो, त्याला पी१ म्हणतात, त्याच्या पाठोपाठ खाली जाणारा एन१. १९७० च्या दशकापासून स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवत आणलं की चित्र तेच, जागा तीच, प्रकाश तोच, पण लक्ष तिकडे असेल तर हे दोन्ही मोठे होतात. येण्याची वेळ फारशी बदलत नाही, उंची बदलते. म्हणजे 'हे काय आहे' हे कळायच्या बरंच आधी मेंदूने त्या जागेचा आवाज वाढवून ठेवलेला असतो. मला हे अजूनही दर वेळी थक्क करतं.

दुसरी खूण अल्फा, ८ ते १२ हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा हलणारी) लय, हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या ईईजीवरचा पहिला पेपर छापला तेव्हापासून माहीत असलेली. लक्ष डावीकडे नेलं की उजव्या मेंदूच्या मागच्या भागात अल्फा उतरते (डावं दृश्य उजव्या बाजूला पोचतं म्हणून) आणि डाव्या मेंदूत ती तुलनेने जास्त राहते. हे चित्र यायच्या आधीच, नुसती वाट बघताना.

आणि माझी सगळ्यात लाडकी खूण एन२पीसी, तिच्याबद्दल खाली विचारलंत तर सविस्तर लिहीन नाहीतर हा धागा इथेच संपायचा.

चौकस

मस्त धागा. पण एक शंका, माणसाने हळूच डोळे हलवले तर? मला कुणी डावीकडे लक्ष दे म्हटलं तर माझे डोळे जाणारच ना थोडेसे. मग तो सगळा फरक डोळ्यांचाच कशावरून नसेल?

रातकिडा

@चौकस, एकदम मर्मावर बोट ठेवलंत, या क्षेत्रातलं अर्धं कष्ट याच्यावरच जातं. डोळा म्हणजे एक छोटी बॅटरीच असते, पुढची बाजू पॉझिटिव्ह आणि मागची निगेटिव्ह, त्यामुळे डोळा बाजूला वळला की दोन्ही कानशिलांजवळच्या इलेक्ट्रोडमध्ये (वीज टिपणाऱ्या चकत्यांमध्ये) फरक पडतो, एका अंशाला साधारण १६ मायक्रोव्होल्ट. एवढा फरक लगेच दिसतो, तशा ट्रायल (प्रयोगातल्या एकेक फेऱ्या) आम्ही टाकून देतो. आजकाल जोडीला आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारा कॅमेरा, पण लावतात.

त्याहून बारीक भानगड म्हणजे मायक्रोसॅकेड, नजर स्थिर आहे असं वाटत असतानाही डोळा एका अंशाहूनही कमी असे झटके मारत असतो आणि ते झटके लक्षाच्या दिशेने किंचित झुकलेले असतात. यांनी एकदा मोठा धक्का दिलाय. स्काल्पवर (डोक्याच्या कातडीवर) गॅमा पट्ट्यात, म्हणजे ३० हर्ट्झच्या वर, चित्र दाखवल्यावर २००-३०० मिलिसेकंदांच्या आसपास एक रुंद वाढ दिसायची आणि ती मेंदूच्या वरच्या कामाची खूण म्हणून वर्षानुवर्षं वाचली गेली. २००८ मध्ये युव्हल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातला मोठा भाग या झटक्यांच्या वेळी डोळ्यांच्या स्नायूंतून निघणाऱ्या अणकुचीदार सिग्नलचा आहे. सगळं गॅमा खोटं असा त्याचा अर्थ नाही हां, मेंदूत थेट इलेक्ट्रोड ठेवून मोजलेलं गॅमा वेगळं. पण स्काल्पवरच्या गॅमाबद्दल कुणी मोठं विधान केलं की मी आधी डोळ्यांचं काय केलं ते वाचते.

पाटीपेन्सिल

मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग! एवढंसं कसं काय मोजता? आणि प्रयोगाला बसलेल्या माणसाला काय वाटतं, दुखतं का?

रातकिडा

दुखत नाही, कंटाळा मात्र येतो. टोपी घालतात, तिला ३२ किंवा ६४ भोकं, प्रत्येक भोकातून बोथट सुईच्या सिरिंजने जेल सोडायचं, केस थोडे बाजूला सारून जेल कातडीपर्यंत पोचलं की स्क्रीनवर त्या इलेक्ट्रोडचा लाल गोल हिरवा होतो. मागच्या बाजूचे, कानाच्या मागे वर असलेले पीओ७ आणि पीओ८ हे दोन मी सगळ्यात काळजीने बसवते कारण लक्षाच्या बऱ्याचशा खुणा तिथेच मोठ्या येतात. दाट केसांत तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. मग समोर रेघा सुरू होतात. मी नेहमी सांगते, आता दात आवळा, की सगळी स्क्रीन जाड काळी होते, ते जबड्याचे स्नायू. पापणी मिटली की पुढच्या इलेक्ट्रोडवर शंभरेक मायक्रोव्होल्टचा डोंगर. आणि मग डोळे मिटून शांत बसा म्हटलं की दोन-तीन सेकंदांत मागच्या रेघा एका लयीत हलायला लागतात, सेकंदाला दहाच्या आसपास, ती अल्फा. नवीन माणसाला मी ते स्क्रीन वळवून दाखवते, पण बघायला डोळे उघडले की ती विरते, म्हणून रेकॉर्डिंग मागे नेऊन दाखवावं लागतं.

मोजण्याचं म्हणाल तर एका ट्रायलमध्ये काही दिसत नाही. एन२पीसी असते एक-दोन मायक्रोव्होल्टची आणि बाजूचा नेहमीचा ईईजी दहा-वीसचा. म्हणून तेच काम शेकडो वेळा करून घ्यायचं आणि चित्र आलं तो क्षण शून्य धरून सगळ्या ट्रायल एकावर एक ठेवून सरासरी काढायची. चित्राशी बांधलेलं तेवढं उरतं, बाकीचं एकमेकांना खोडतं. पण हे खोडणं वर्गमुळाने होतं, गोंगाट अर्धा करायला ट्रायल चौपट लागतात, म्हणून बिचारा माणूस तासभर बटणं दाबत बसतो.

शोधयात्री

एफएमआरआयवाल्यांकडून (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारं स्कॅन) थोडी भर घालतो. ईईजीला वेळ कळते, जागा नीट कळत नाही, आमचं उलटं. एफएमआरआयमध्ये लक्ष दिलं की अगदी पहिल्या दृश्य केंद्रात, व्ही१मध्ये पण हालचाल वाढलेली दिसते. त्यामुळे लोक म्हणायला लागले की लक्ष पहिल्या पायरीपासूनच काम करतं. पण ईईजीत व्ही१मधून येणारा सी१ नावाचा घटक असतो, चित्र आल्यावर ५० ते ९० मिलिसेकंदांचा, आणि तो लक्षाने बहुतेक प्रयोगांत हलतच नाही. मग खरं काय? १९९९ मध्ये मार्टिनेझ, हिलयार्ड वगैरेंनी तीच माणसं, तेच काम, दोन्ही यंत्रांत करून बघितलं. एफएमआरआयमध्ये व्ही१ वाढलेलं, ईईजीत सी१ जसाच्या तसा. त्यांनी लावलेला अर्थ असा की पहिल्या फेरीत व्ही१ लक्षाला विचारतच नाही, पुढच्या भागांत निवड होते आणि तिथून मागे निरोप येतो तेव्हा व्ही१ वाढतं. एफएमआरआय रक्तप्रवाह मोजतं, ते काही सेकंद घेतं, त्याला आधी आणि मागाहून यातला फरक समजूच शकत नाही. दोन यंत्रं भांडतायत असं वाटलं होतं, प्रत्यक्षात दोघं वेगवेगळी वेळ सांगत होती.

त्याच वर्षी आणखी एक सुंदर प्रयोग झाला, ओ'क्रेव्हन, डाउनिंग आणि कानविशर यांचा. चेहरा आणि घर एकाच जागी एकावर एक पारदर्शक ठेवले, त्यातलं एक हलत होतं. जागा एकच म्हणजे 'इकडे बघ तिकडे बघ' हा प्रश्नच मिटला. चेहऱ्याकडे लक्ष दिलं की मेंदूतल्या चेहरे ओळखणाऱ्या भागातली हालचाल वाढायची, घराकडे दिलं की ठिकाणं ओळखणाऱ्या भागातली. म्हणजे लक्ष नुसतं जागेवर नाही, वस्तूवर पण बसतं.

चौकस

हे भारीये. @रातकिडा आता ती लाडकी एन२पीसी सांगाच.

रातकिडा

सांगते. समजा पडद्यावर दोन्ही बाजूंना सारखेच हिरवे तुकडे आहेत, आणि एका बाजूला एक लाल, दुसऱ्या बाजूला एक निळा, प्रत्येकाला वर किंवा खाली एक छोटी फट. काम : लाल शोधा आणि त्याची फट वर आहे की खाली सांगा. २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान मागच्या भागावर, लाल ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध मेंदूत, सिग्नल जास्त निगेटिव्ह होतो. विरुद्ध बाजूतून त्याच बाजूचा वजा केला की उरते ती एन२पीसी. १९९४ मध्ये स्टीव्हन लक आणि हिलयार्ड यांनी तिला व्यवस्थित उभं केलं.

यातली खरी हुशारी वजाबाकीत आहे. दोन्ही बाजू दिसायला समतोल ठेवल्यात, म्हणजे नुसत्या दिसण्याने होणारं सगळं दोन्हीकडे सारखं आणि ते वजा होऊन जातं. पुढच्या ट्रायलमध्ये निळा शोधा म्हटलं की त्याच चित्राला खूण उलट्या बाजूला जाते. पडदा तोच, फक्त माणसाच्या डोक्यातला हेतू बदलला. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात प्रामाणिक मोजमाप हे आहे. आणि म्हणूनच जरा समतोल बिघडला, एका बाजूचा रंग किंचित उजळ झाला, की खूण बिघडते. आमच्या एका प्रयोगात स्क्रीनचे रंग मीटरने मोजून जुळवण्यातच किती वेळ गेला ते सांगायला नको.

ती नेमकं काय दाखवते यावर वाद आहे. लक यांचं सुरुवातीचं म्हणणं होतं की आजूबाजूचे गाळायचं काम, मार्टिन आयमर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बाजूला गाळायला फारसं काही नसलं तरी ती येते, म्हणजे लक्ष्यालाच (शोधायच्या वस्तूलाच) उचलून धरणं. पुढे २००९ मध्ये हिकी, डी लोलो आणि मॅकडॉनल्ड यांनी लक्ष्य मधल्या उभ्या रेषेवर ठेवलं आणि अडथळा फक्त बाजूला. मधल्या रेषेवरची वस्तू दोन्ही मेंदूंत सारखीच जाते त्यामुळे वजाबाकीत ती नाहीशी होते, उरतं ते फक्त अडथळ्याचं. तिथे उलट्या चिन्हाचा, पॉझिटिव्ह घटक निघाला, पीडी. उचलणं आणि दाबणं दोन्ही एकमेकांत मिसळलेलं होतं, ते असं सुटं झालं.

वस्तू नाहीशी झाली आणि ती लक्षात ठेवायची असेल तर त्याच जागी ३०० मिलिसेकंदांनंतर लांबलचक टिकणारी सीडीए येते. व्होगेल आणि माचिझावा यांनी २००४ मध्ये दाखवलं की लक्षात ठेवायच्या वस्तू वाढल्या तशी ती वाढते आणि तीन-चार वस्तूंनंतर थांबते, आणि ज्याची स्मरणाची मर्यादा जास्त त्याची वाढ जास्त.

शोधयात्री

+१. पण वर अल्फाबद्दल लिहिलंयस त्यात मी थोडी असहमती नोंदवतो. लोक सरसकट म्हणतात की नको असलेल्या बाजूला अल्फा वाढते म्हणजे ती बाजू दाबली जाते. अल्फा आणि लक्ष एकत्र फिरतात हे शंभर टक्के मान्य, पण दाबण्याचं काम अल्फाच करते याचा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही. फॉस्टर आणि ऑह यांनी २०१९ मध्ये यावरच लिहिलंय. नको असलेल्या बाजूची अल्फा वाढलेली दिसते ती बऱ्याचदा हव्या असलेल्या बाजूच्या तुलनेत, मुळापासून वाढतेच असं नाही.

रातकिडा

@शोधयात्री, बरोबर, म्हणूनच मी 'तुलनेने जास्त' असं लिहिलं होतं. माझं मत तुझ्याकडेच झुकतंय. चमकणाऱ्या चित्रांचे प्रयोग बघ, डावीकडचं एका वेगाने आणि उजवीकडचं दुसऱ्या वेगाने लुकलुकतं ठेवलं तर मेंदूच्या मागच्या भागात नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीला टोक येतं, एसएसव्हीईपी म्हणतात त्याला, आणि लक्ष ज्या चित्राकडे त्याचं टोक उंचावतं. अल्फा जर खरंच फाटक बंद करत असेल तर ती वाढली की त्या बाजूचं टोक खाली यायला हवं. दोन्ही एकदम मोजणाऱ्या अलीकडच्या प्रयोगांत ते तसं सरळ जुळत नाही, दोघं आपापल्या वेळेने चालतात. तरी अल्फा निरुपयोगी नाही, तिच्या स्काल्पवरच्या नकाशावरून लक्ष पडद्यावर गोलात मांडलेल्या जागांपैकी कुठल्या जागी आहे हे क्षणाक्षणाला काढता येतं, ते काम ऑह यांच्याच गटाने केलंय. कारण आहे का सोबती आहे, हा प्रश्न उघडा आहे एवढंच.

अबोली

मी या क्षेत्रातली नाही, आई म्हणून विचारतेय. मुलाला एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) शंका आहे. एका ठिकाणी ईईजी काढून 'थीटा-बीटाचं प्रमाण जास्त आहे, लक्ष कमी आहे' असं सांगितलं आणि लगेच महागड्या सेशनचं पॅकेज पुढे केलं. वरचं वाचून आता गोंधळ झालाय. तो रिपोर्ट खरा मानायचा का?

रातकिडा

@अबोली, मी डॉक्टर नाही, त्यामुळे मुलाबद्दल काही बोलणार नाही, मोजमापाबद्दल बोलते. थीटा म्हणजे ४ ते ७ हर्ट्झ आणि बीटा म्हणजे १३ च्या वरचं, त्यांचं गुणोत्तर. जुन्या अभ्यासांत एडीएचडीच्या मुलांत ते सरासरीने जास्त यायचं, आणि अमेरिकेत २०१३ मध्ये एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यावरच्या एका यंत्राला परवानगीही दिली, पण डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून, एकट्याने निदान करायला नाही. त्यानंतर जमवलेल्या अभ्यासांत तो फरक लहान लहान होत गेला आणि २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने स्पष्ट सांगितलं की नेहमीच्या क्लिनिकल तपासणीच्या जागी हे वापरू नये. गटाच्या सरासरीत फरक असणं आणि एका मुलाच्या आकड्यावरून त्याचं निदान होणं यात फार अंतर आहे, दोन गटांचे आकडे एकमेकांवर इतके चढलेले असतात. झोप कमी झाली तरी थीटा वाढते. एडीएचडीचं निदान वागणुकीवरून, शाळा आणि घर दोन्हीकडची माहिती घेऊन होतं. पॅकेजचे पैसे भरण्याआधी बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा, तो रिपोर्ट सोबत न्या, आणि घाबरू नका.

दीपमाळ

फिजिओथेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतरचे पेशंट बघते, मेंदूच्या उजव्या बाजूच्या परायटल (वरच्या-मागच्या) भागाला इजा झाली की काही जण डावीकडचं जगच सोडून देतात. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, दाढी उजव्याच गालाची होते, घड्याळ काढायला सांगितलं तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. डोळे चांगले, दिसण्याचा मागचा भाग पण बऱ्याचदा शाबूत. नातेवाईकांना वाटतं मुद्दाम करतात, चिडतात त्यांच्यावर. त्यांना मी हेच समजावते की दिसतंय पण तिथपर्यंत लक्ष पोचत नाहीये. त्या ईईजीच्या खुणांचा इथे उपयोग होतो का?

शोधयात्री

होतो, संशोधनात. अशा पेशंटना एकेकटी वस्तू डावीकडे दाखवली तर काही जणांना दिसते, पण उजवीकडे त्याच वेळी दुसरी दाखवली की डावीकडची पुसली जाते, याला एक्स्टिंक्शन म्हणतात. तेव्हाही ती 'न दिसलेली' वस्तू मागच्या दृश्य भागांत काही हालचाल करतेच, हे ईईजी आणि एफएमआरआय दोन्हींत दिसलंय. कॉर्बेटा आणि शुलमन यांनी २००२ मध्ये दोन जाळी मांडली, एक आपण ठरवून लक्ष नेतो त्याचं, वरच्या बाजूचं, आणि एक अचानक काही महत्त्वाचं घडलं की लक्ष ओढून घेणारं, खालचं आणि जास्त करून उजवीकडचं. निग्लेक्ट, म्हणजे तुम्ही सांगितलेलं ते एक बाजू सोडून देणं, उजव्या इजेनेच जास्त तीव्र का होतं याचं त्यातून बरंचसं उत्तर मिळतं. रोजच्या उपचाराला मात्र तुमची ती घड्याळाची आणि रेघेच्या मध्यावर खूण करायची परीक्षाच अजून जास्त कामाची.

चौकस

मग शेवटी ती कपाळाची पट्टी? तिला काहीच कळत नाही का?

रातकिडा

काहीतरी कळतं, लक्ष नाही. कपाळावर दोन-चार इलेक्ट्रोड म्हणजे पापण्या, भुवयांचे स्नायू आणि थोडा पुढचा मेंदू. वर लिहिलेल्या दृश्य लक्षाच्या खुणा, पी१, एन२पीसी, अल्फाचा डावा-उजवा फरक, सगळ्या डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे इलेक्ट्रोडच नाही. शिवाय चित्र नेमकं कुठल्या मिलिसेकंदाला आलं ते पट्टीला माहीत नसतं त्यामुळे सरासरी काढायला शून्य कुठे धरणार? कपाळाला आठी घातली की उच्च फ्रिक्वेन्सीची ताकद वाढते, आणि पट्टी दाखवते तो लक्षाचा गुण बीटावर अवलंबून असेल तर स्नायूच गुण वाढवून देतो. तुमच्याकडे पट्टी असेल तर स्वतः करून बघा, भिंतीकडे बघत नुसत्या भुवया आक्रसून बसा आणि आकडा कुठे जातो ते इथे लिहा.

नेमक्या कामासाठी बांधलेली यंत्रं मात्र चालतात. फार्वेल आणि डोंचिन यांनी १९८८ मध्ये अक्षरांचा तक्ता केला, ओळी आणि रकाने एकेक करून उजळतात, हव्या त्या अक्षराची ओळ उजळली की ३०० मिलिसेकंदांच्या पुढे पी३०० नावाचा पॉझिटिव्ह उंचवटा येतो आणि त्यावरून अक्षर ओळखायचं. हातपाय न हलणाऱ्या माणसाला त्यातून लिहिता येतं. तिथे यंत्राला कुठली ओळ केव्हा उजळली ते पक्कं माहीत असतं, सगळा फरक तिथे आहे.

पाटीपेन्सिल

लुकलुकणाऱ्या चित्रांचं वाचून एक विचारायचं होतं, त्याने फिट येऊ शकते ना? प्रयोगाला जाणाऱ्याने काय बघावं?

रातकिडा

हो, चांगलं विचारलंत. प्रकाशाने फिट येणारे लोक थोडे असतात पण असतात, आणि सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारं लुकलुकणं त्यांना सगळ्यात त्रासदायक. एसएसव्हीईपीचे बरेच प्रयोग ८ ते २० च्या दरम्यान असतात, म्हणजे ओव्हरलॅप आहे. म्हणून कुठलीही जबाबदार लॅब आधी फॉर्मवर विचारते की तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांना फिट, एपिलेप्सी आहे का, झगमग दिव्यांनी कधी त्रास झालाय का. उत्तर हो असेल तर खरं सांगा, लुकलुकण्याशिवायचे प्रयोग पण असतात, त्यात बसवतील. आदल्या रात्री झोप पूर्ण करा, अपुऱ्या झोपेने धोका वाढतो. आणि फॉर्मवर हे विचारलंच नाही तर स्वतःहून विचारा, उत्तर नीट मिळालं नाही तर टोपी घालायच्या आधीच उठून या.